मदत हवी आहे: इंग्रजी पीएचडीचे निकाल कधी कळतात?

अमेरिकेत इंग्रजी साहित्याच्या पीएचडीसाठी डिसेंबरमध्ये अर्ज केलेत. फेब्रुवारी अर्धा सरला, तरी पोर्टलवर आपलं तेच, ‘अर्ज विचाराधीन’. एका विद्यापीठाची झूमवर मुलाखत झाली. अर्जासोबत दिलेल्या लेखननमुन्यातल्या एका तळटीपेवरून प्राध्यापिकेनं खोदून खोदून विचारलं. बाकी सगळीकडे सामसूम. काही विभाग मुलाखत न घेता थेट निकाल कळवतात हे ठाऊक आहे, पण मग आशा कुठे सोडायची? विभागाच्या समन्वयकांना मेल टाकला तर आगाऊपणा वाटेल का? आणि प्रतीक्षायादीत नाव आलं, तर होकार-नकार कळवायच्या १५ एप्रिलच्या मुदतीपर्यंत खरंच जागा सुटतात का, तेही स्टायपेंडसकट? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा. (‘सारखं पोर्टल उघडू नकोस’ हा सल्ला घरून रोज मिळतोय, तो सोडून.)