मजुरीचे नियम मराठीत सांगितले, तर तो प्रोग्रॅम ठरतो का?

मूळ लेख : हिशेबनीस, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

आमच्या कारखान्यात चादरींची मजुरी नगावर असते आणि हिशेब आठवड्याला होतो. नग, खराब माल, उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) आणि पाळ्यांची अदलाबदल यांचा मेळ कसा घालायचा हे मला पक्के ठाऊक आहे. परंतु मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही आणि ज्याला तो लिहिता येतो त्याला मागावरचे काम कळत नाही. आता भाषिक प्रारूपांना, म्हणजे माणसाच्या भाषेत संवाद साधणाऱ्या एआय प्रणालींना, 'उचल वजा करून मजुरी काढ' असे साध्या मराठीत नियम सांगितले की ती पायथॉन या संगणकीय भाषेत प्रोग्रॅम तयार करून देतात. ज्याला काम कळते, त्यानेच संगणकाला काम सांगावे, मधला दुभाषी नको, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद : संगणकशास्त्राच्या प्राध्यापिका

मी याच्याशी सहमत नाही. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या संगणकीय भाषेचा आधार घेऊन १९५९ साली कोबोल या व्यावसायिक कामांसाठीच्या भाषेची आखणी सुरू झाली, तेव्हाही इंग्रजी वाक्यांसारख्या आज्ञा व्यवस्थापकांना समजतील हीच अपेक्षा होती. तरीही ते प्रोग्रॅम प्रोग्रॅमरच लिहीत राहिले, कारण खरी अडचण प्रत्येक शक्यतेचा आधीच निर्णय करण्याची होती. 'उचल वजा करून मजुरी काढ' या आपल्याच वाक्यात उचल एकरकमी कापायची की हप्त्याने, आणि मजुरीपेक्षा उचल जास्त असेल तर बाकी पुढच्या आठवड्यात न्यायची की नाही, हे कुठे सांगितले आहे? माणूस रिवाजाने समजून घेतो. प्रारूप मात्र एक अर्थ गृहीत धरते आणि अनेकदा त्याची वाच्यताही करत नाही.

संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बोलीभाषेत प्रोग्रॅम लिहिण्याच्या याच कल्पनेवर कडक टीका केली होती. काटेकोर चिन्हे हे ओझे नसून सोय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे भास्कराचार्यांनी १२व्या शतकात अव्यक्त (अज्ञात) राशींसाठी 'या', 'का', 'नी' अशी अक्षरे वापरली, तीही शब्दांच्या पसाऱ्यात गणित हरवू नये म्हणूनच, असे मला वाटते.

प्रतिसाद : जॅकार्डसाठी (नक्षी विणणाऱ्या मागासाठी) नक्षी काढणारा

बाईंचे म्हणणे मला रोजच्या कामातून पटते. गिऱ्हाईक 'काठाला मोर हवा' एवढेच सांगते; मी आलेखाच्या कागदावर चौकोन भरतो, तेव्हा कुठे कोणता ताणा (उभा धागा) उचलायचा हे ठरते. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४च्या सुमारास आणलेल्या मागापासून नक्षीची आज्ञा छिद्रांच्या कार्डांवर चालत आली आहे. तोंडी सांगण्यावर माग चालत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

नियम अपुरे असतात हे मान्य आहे. परंतु ते माझ्या डोक्यातही अपुरेच असतात आणि प्रोग्रॅमरला सांगतानाही अपुरेच राहतात. 'शंका असेल तर आधी मला विचार' असे प्रारूपाला बजावता येते आणि ते प्रश्न विचारते, ही सोय कोबोलमध्ये नव्हती. शिवाय १९७९ साली व्हिजिकॅल्क हे संगणकावर हिशेबाचे तक्ते मांडण्याचे सॉफ्टवेअर आले, तेव्हापासून तक्त्यात सूत्रे घालणारे असंख्य हिशेबनीस प्रोग्रॅमच लिहीत आले आहेत. मग बिगरतज्ज्ञांना हे जमत नाही, असे कसे म्हणता येईल?

प्राध्यापिकांचे प्रत्युत्तर

जमते, परंतु तक्त्यातले सूत्र ही काटेकोर भाषा आहे: सूत्र तेच असेल तर उत्तर तेच येते आणि चूक कुठल्या रकान्यात आहे हे शोधता येते. आपले वाक्य पुन्हा दिल्यास मात्र निराळा प्रोग्रॅम मिळू शकतो.

प्रतिसाद : यंत्रमाग कामगाराची मुलगी

आपण दोघेही हिशेब लिहिणाऱ्याबद्दल बोलत आहात. ज्याची मजुरी कापली जाते त्याच्याबद्दल कोणीच बोलले नाही. माझ्या वडिलांना पायथॉन वाचता येणार नाही, पण मराठीत लिहिलेला नियम वाचता येईल आणि शेजारच्या मागावरच्या काकांना तो तेलुगूत सांगता येईल, म्हणून मला मूळ लेखकांची कल्पना मोलाची वाटते. मात्र भिंतीवर एक वाक्य आणि संगणकात दुसराच हिशेब, अशी स्थिती झाली तर ते वाक्य आमची दिशाभूल करणारे ठरेल.

मूळ लेखकाचे उत्तर

ताई, ही हरकत मला सर्वांत गंभीर वाटते. नियमांसोबत हाताने सोडवलेली उदाहरणेही लावावीत, असे मी सुचवतो: उचल मजुरीहून जास्त, एकच चादर दोन पाळ्यांत विणलेली, अर्धा नग खराब. प्रोग्रॅम बदलला की या प्रत्येक उदाहरणाचे उत्तर जुळलेच पाहिजे, नाहीतर तो वापरू नये. ही उदाहरणे निवडण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

प्राध्यापिकांचे प्रत्युत्तर

हे करावेच, तरीही जे उदाहरण आपल्याला सुचलेच नाही, तिथली चूक कोण पकडणार? त्यासाठी तयार झालेला प्रोग्रॅम ओळीने वाचू शकणारी एक व्यक्ती कारखान्याशी बांधलेली हवी, आणि तिचे मानधन मालकाने द्यावे. यावर मी तडजोड करणार नाही.