पॉवर केबल बदलून कॉम्प्युटरवरचं गाणं खरंच सुधारतं का?

खर्जातला: माझी जोडणी साधी आहे. डेस्कटॉप, त्याला यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी डबी), पुढे अ‍ॅम्प आणि दोन स्पीकर. परवा मित्राने त्याची बोटाएवढी जाड पॉवर केबल वापरून बघायला दिली. डेस्कटॉपला लावली आणि तानपुरा एकदम मोकळा झाला, मागची खरखर गेली. इतके दिवस मी असल्या गोष्टींना हसायचो, म्हणून विचारतोय. दीड मीटर तारेने एवढा फरक पडतो?

वजाबाकी: नाही पडत. भिंतीच्या आत कित्येक मीटर साधी तार धावते, शेवटच्या दीड मीटरने वीज सोवळी कशी होईल? हिशेबच करू. १.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या केबलीत जाऊन-येऊन ३ मीटर तांबं, रोध साधारण ३५ मिलिओहम. डेस्कटॉप १०० वॉट खातो असं धरलं तर २३० व्होल्टला प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आत. म्हणजे तारेत पडले १५ मिलिव्होल्ट. घरातली एखादी मोटर सुरू झाली तरी याच्या शंभरपट हेलकावा बसतो. शिवाय एसएमपीएस, म्हणजे डेस्कटॉपमधलं वीजपुरवठ्याचं युनिट, त्या एसीचा आधी डीसी करतो, सेकंदाला हजारो वेळा तोडतो, मग १२ व्होल्ट बनवतो. मदरबोर्डवर पुन्हा तोडातोडी. गोंगाट डब्याच्या आतच तयार होतो, तिथे बाहेरची केबल काय करणार?

कानसेन: मुद्दा रोधाचा कधीच नव्हता हो. एसएमपीएस स्वतःचा कचरा केबलीवर उलटाही सोडतो. ती सिग्नलच्या वायरीला खेटून गेली असेल तर शिल्ड, म्हणजे केबलीवरचं धातूचं आवरण, कामाला येतं. ज्यांनी ऐकलंच नाही त्यांनी खुशाल कॅल्क्युलेटर घेऊन बसावं.

वजाबाकी: शिल्डचं मान्य. पण वायरी वीतभर लांब सरकवल्या की तेच काम फुकटात होतं. खर्जातला, ती खरखर माऊस हलवला की बदलायची का?

खर्जातला: हो! स्क्रोल करताना बारीक चिरचिर यायची. तुम्हाला कसं कळलं?

वजाबाकी: ग्राउंड लूप. डेस्कटॉपचं अर्थिंग एका सॉकेटला, अ‍ॅम्पचं दुसऱ्या, आणि यूएसबी व ऑडिओ केबलीतून दोघांची ग्राउंड पुन्हा जोडलेली. त्या वेटोळ्यात फिरणारा प्रवाह सिग्नलमध्ये मिसळतो. जाड केबलीचा प्लग आधीच्याच सॉकेटमध्ये घातलात?

खर्जातला: नाही, तो अवजड आहे, भिंतीत नीट बसेना. म्हणून अ‍ॅम्पच्या एक्स्टेन्शन बोर्डात घातला. अरेच्चा.

तिसरी घंटा: दोन्ही एका बोर्डात ठेवूनही त्रास राहिला तर ऑप्टिकल आऊट वापरा. सिग्नल प्रकाशातून जातो, तांब्याचा संबंधच तुटतो. आणि अर्थिंगची पिन मोडून गुणगुण घालवणारे महाभाग असतात, तसलं काही करू नका. उपकरण बिघडलं तर वीज थेट पत्र्यावर येते.

कानसेन: चिरचिर लूपची असेल. तानपुरा मोकळा झाला त्याचं काय?

वजाबाकी: चिरचिर गेल्यावर जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, ऐकू येणारच की. तरी शंका असेल तर दुसऱ्या कुणाला केबल बदलायला सांगा, तुम्ही न बघता ओळखा. निदान १० वेळा. आणि १० पैकी ६ बरोबर आले म्हणून नाचू नका, नाणं उडवूनही ६ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ३८ टक्के असते.

कानसेन: दर वेळी डेस्कटॉप बंद करून चालू करायचा म्हणजे दोन मिनिटं गेली. सूक्ष्म फरक कानात तेवढा वेळ राहतच नाही. असली परीक्षा फरक दडपायलाच बरी.

वजाबाकी: हरकत रास्त आहे. पण मित्राची केबल लावली तेव्हाही मशीन बंदच केलं होतं ना? तेव्हा बरा राहिला कानात! त्यापेक्षा दोन्ही केबलींवर डॅकचं आऊटपुट रेकॉर्ड करा, आवाजाची पातळी एक ठेवा आणि फायली लगोलग आलटून पालटून ऐका.

खर्जातला: रात्री करून बघितलं. जाड केबल तशीच ठेवून अ‍ॅम्पचा प्लग भिंतीत घातला, चिरचिर हजर. जुनी केबल लावून दोन्ही प्लग एका बोर्डात, गायब. रेकॉर्डिंग रविवारी टाकतो.

कानसेन: टाका, ऐकतो. माझी केबल मात्र जागची हलणार नाही, आधीच सांगून ठेवतो.