मामाला फ्रान्सचा सन्मान, पण अनुच्छेद १८ आडवा येतोय का?

जाणकारांनो, मदत हवी आहे. माझा मामा अनुदानित कॉलेजात वर्षानुवर्षं फ्रेंच शिकवतोय. परवा पत्र आलं, फ्रेंच सरकारने त्याला 'पाल्म अकादेमिक'चा शव्हालिए केलंय. नेपोलियनने १८०८ साली सुरू केलेला, शिक्षणातल्या कामासाठीचा हा सन्मान. जांभळी फीत, खाली पदक. मामीने तासाभरात सगळ्या नातेवाइकांना कळवलं. रात्री जेवताना मामेभाऊ (स्पर्धा परीक्षावाला!) म्हणाला, "पण बाबा, परदेशाचा किताब घ्यायला घटनेत बंदी आहे." मामाचा घास हातातच राहिला.

मी अनुच्छेद वाचला. खंड १ मध्ये लष्करी आणि शैक्षणिक सन्मानांना सूट आहे, पण ती आपल्या सरकारने द्यायच्या सन्मानांपुरती. खंड २ सरळ म्हणतो, भारतीय नागरिकाने परकीय देशाचा किताब घ्यायचा नाही. तिथे सूटबिट काही नाही, आणि शव्हालिए म्हणजे तर सरदारच! मग सत्यजित राय यांना १९८७ मध्ये फ्रान्सचाच सर्वोच्च सन्मान 'लेजिओं दॉनर' कसा चालला? रतन टाटांना २०१४ मध्ये ब्रिटनचा जीबीई (तिथली सरदारकीच) मिळाला, तो?

प्रतिसाद १
घोळ 'किताब' या शब्दाचा आहे. बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, फक्त नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत. निकाल आपल्या पुरस्कारांबद्दलचा असला तरी कसोटी उपयोगी आहे: गुणांचा गौरव वेगळा, नावाला चिकटणारी रावबहादुरी वेगळी. टाटांचा जीबीईही मानद होता, म्हणून 'सर' लागलं नाही. मामांनी पदक खुशाल घ्यावं असं माझं मत.

प्रतिसाद २
घाई नको, खंड ४ पण बघा. सरकारच्या हाताखाली लाभाचं किंवा विश्वासाचं पद असेल, तर परकीय सरकारकडून भेटवस्तू, मानधन किंवा पद घ्यायला राष्ट्रपतींची संमती लागते. अनुदानित कॉलेजातली नोकरी यात बसते का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा समारंभाआधी प्राचार्यांमार्फत लेखी विचारा. सोबत काही रक्कम आहे का, तेही पत्रात नीट पाहा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. पत्र पुन्हा पाहिलं, रकमेचा उल्लेख नाही. अर्ज उद्याच देतोय. आता एकच पेच: मामीने दारावरच्या नव्या पाटीचा मजकूर लिहून ठेवलाय आणि त्याची सुरुवातच 'शव्हालिए'ने होते. हे तिला कोण सांगणार?