फ्राईजमध्ये मांस नसतं, मग हलालचा प्रश्न कुठं येतो?

परभणीकर_७
सलाम आणि नमस्कार. घरची मंडळी संभाजीनगरला गेली की मॉलमध्ये लेकरं फ्राईज मागतात. चिकन घ्यायचं नाही हे घरात ठरलेलं आहे, पण फ्राईजवर दोन मतं पडलीत. एक म्हणतं बटाटा आणि तेल, त्यात काय बघायचं? दुसरं म्हणतं चिकनच्याच तेलात तळतात. इकडं चायनीजच्या गाड्यांवरही आता फ्राईज मिळायलेत, तिथं तर कढई एकच. नेमकं काय तपासावं? पाकिटावरचा हिरवा ठिपका पुरेसा आहे का? भाचाही शिकायला अमेरिकेला निघालाय, त्याला काय सांगू?

किचनवाला_जालना
वालेकुम सलाम भाऊ. आधी फ्रायर, पाकीट नंतर.

मोठ्या साखळ्यांच्या किचनमध्ये फ्रायर एका रांगेत असतात, प्रत्येकाचा तेलाचा हौद वेगळा. फ्राईजचा हौद बहुतेक ठिकाणी स्वतंत्र ठेवतात आणि त्याचं कारण धंद्याचं आहे. चिकनच्या कोटिंगचा चुरा तेलात जळत राहतो, तेल लवकर काळं पडतं. त्या तेलात फ्राईज सोडले तर डाग पडतात, वास लागतो. म्हणून ताजं तेल फ्राईजला, आणि ते जरा उतरलं की चिकनला, असा क्रम चांगलं किचन पाळतं. उलटं कुणी करत नाही.

गडबड होते ती गर्दीत. रविवारी संध्याकाळी ऑर्डरी तुंबल्या की शेजारचा हौद रिकामा दिसतो आणि फ्राईजची बास्केट त्यात जाते. लहान आउटलेटला हौदच दोन; एक बंद पडला की सगळं एकात. आणखी एक जागा आहे, तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही: तेल गाळायचं मशीन. रात्री सगळ्या हौदांचं तेल पुष्कळदा एकाच मशीनमधून गाळतात. चिकनचं आधी गाळलं तर नळीत आणि गाळणीत राहिलेलं तेल पुढं फ्राईजच्या हौदात उतरतं.

काउंटरवर ‘फ्राईज हलाल आहेत का’ असं विचारून उपयोग नाही. ‘हो सर, व्हेज आहेत’ एवढंच उत्तर मिळतं. शिफ्ट मॅनेजरला बोलवा आणि विचारा: फ्राईजच्या हौदात नगेट्स किंवा पॅटी कधी सोडता का? गाळायचं मशीन एकच आहे का, आणि आधी कोणतं तेल गाळता? ज्याला काम माहीत आहे तो लगेच सांगतो.

अभ्यासू_नांदेड
जालन्याच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर, पण तेल सामाईक आहे म्हणून फ्राईज लगेच हराम होत नाहीत. आधी चिकन कसलं ते बघा. कोंबडी जबीहा (हलाल पद्धतीनं कापलेली) असेल तर त्याच तेलात तळलेले फ्राईज बेलाशक खा. कोंबडी झटक्याची किंवा मुर्दार असेल तर तिची चरबी तेलात उतरते, तेल नापाक होतं आणि त्यात तळलेला बटाटाही. ‘उकळत्या तेलात सगळं जळून जातं’ असं लोक म्हणतात, ते चूक आहे. १८० अंशांना जंतू मरतात, चरबी मात्र तेलात मिसळून तशीच राहते.

आता शंकेबद्दल. फिकहचा (इस्लामी धर्मशास्त्राचा) कायदा आहे की यकीन, म्हणजे खात्री, शंकेनं जात नाही. बटाटा आणि वनस्पती तेल मुळात हलाल, त्यामुळं ‘असेल काहीतरी’ एवढ्या वहिमावर (नुसत्या संशयावर) कुणी त्याला हराम म्हणू नये. पण तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, किंवा तळणाऱ्यानंच कबूल केलं, तर तो वहीम राहत नाही. काहीच कळत नसेल तेव्हा सोडून देणं हा तकवा (अल्लाहच्या भीतीनं जपून वागणं) झाला. तो स्वतःपुरता ठेवावा, शेजारच्या टेबलावर खाणाऱ्याला टोकू नये.

साखळ्यांचं सांगायचं तर मॅकडोनाल्ड्स इंडियानं २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या सगळ्या रेस्टॉरंटांकडं हलाल प्रमाणपत्र आहे आणि मॅनेजर ते दाखवतील. मग मागा की. संकोच कसला? बघताना त्या आउटलेटचं नाव आणि मुदतीची तारीख दोन्ही वाचा.

लेबलवाचक_लातूर
हिरव्या ठिपक्याचं उत्तर माझ्याकडून. ठिपका असेल तर मांस, चरबी, मासा, अंडं, किडा यातलं काही त्यात नाही. दूध, मध आणि लाखेचा लेप चालतो. म्हणजे फ्रोजन फ्राईजच्या पाकिटावर हिरवा ठिपका असला की जनावराच्या चरबीचा प्रश्न तिथंच मिटला. फ्राईज कारखान्यात एकदा हलके तळून मग गोठवतात, म्हणून पाकिटावर तेलाचं नाव असतं; आपल्याकडं बहुधा पामोलीन. सोबत कधी डेक्स्ट्रोज (रंग एकसारखा यावा म्हणून) आणि आयएनएस ४५० (आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थात घालायच्या घटकांचे क्रमांक; हा बटाटा करडा पडू नये म्हणून). दोन्हीत हलाल-हरामचा मुद्दा नाही.

खरं वाचायचं ते मसाल्याचं पाकीट. पेरी-पेरी किंवा चीज मसाल्यात बऱ्याचदा आयएनएस ६३१ असतं. ते मांस-माशापासूनही निघतं आणि किण्वनातूनही. ४७१ चरबीतूनही येतं, वनस्पती तेलातूनही. १२० हा लाल रंग तर किड्यापासूनच. चीज पावडर असेल तर रेनेट (चीजसाठी दूध घट्ट करायला वापरतात ते) कशाचं, हाही प्रश्न. या सगळ्यावर हिरवा ठिपका कामाला येतो: ठिपका असेल तर मूळ प्राणिज नाही. गाड्यावर मसाला स्टीलच्या डब्यात ओतलेला असतो, तिथं मूळ पाकीट दाखवायला सांगा.

दोन ठिकाणी मात्र ठिपका काहीच सांगत नाही. एक, दारू. फ्लेवर विरघळवायला इथेनॉल वापरतात आणि ठिपक्याचा त्याच्याशी संबंध नाही. द्राक्ष-खजुरापासून न बनलेलं आणि नशा न आणणाऱ्या मात्रेतलं असेल तर आजचे बरेच हनफी पंथाचे उलमा (धर्मपंडित) मुभा देतात. ज्याला तेही नको त्यानं नुसतं मीठ टाकून घ्यावं. दुसरं, ठिपका पाकिटाचा असतो. कढईत आधी काय तळलं ते त्याला माहीत नसतं.

बाहेरगाव_बीड
भाच्यासाठी. अमेरिकेत हिरवा ठिपका नाही आणि ‘व्हेजिटेबल ऑइल’ एवढं वाचून थांबायचं नाही. मॅकडोनाल्ड्सनं तिथं १९९० मध्ये गाईच्या चरबीत तळणं बंद करून वनस्पती तेल आणलं, पण फ्राईजमध्ये बीफ फ्लेवर राहिला. २००१ मध्ये त्यावरून खटले झाले. दावा करणाऱ्यांत हिंदू आणि शाकाहारी लोक होते. २००२ मध्ये कंपनीनं १ कोटी डॉलर देऊन आणि माफी मागून तडजोड केली. तरी तिथल्या घटकांच्या यादीत ‘नॅचरल बीफ फ्लेवर’ आजही आहे, गहू आणि दुधापासून काढलेल्या घटकांसह. ब्रिटनमध्ये त्याच कंपनीच्या फ्राईजमध्ये हा फ्लेवर नाही. म्हणजे कंपनीचं नाव बघून काही ठरत नाही, देश बघावा लागतो.

तिथली बफेलो वाइल्ड विंग्ज ही साखळी गाईच्या चरबीत तळते. स्टेक अँड शेक या साखळीनं २०२५ मध्ये फ्राईज गाईच्या चरबीत तळणं सुरू केलं. भाच्याला सांगा, बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या साइटवर ‘इन्ग्रेडियंट्स’चं पान असतं, त्यात ‘बीफ’, ‘टॅलो’ (गुरांची चरबी), ‘लार्ड’ (डुकराची चरबी) आणि ‘ॲनिमल शॉर्टनिंग’ हे चार शब्द शोधायचे.

परभणीकर_७
सगळ्यांचे शुक्रिया. गाड्याचं राहिलं.

किचनवाला_जालना
गाड्यावर कढई एकच असते आणि चिकन लॉलीपॉप त्यातच तळतात, हे धरूनच चला. तिथं विचारायचं ते कोंबडीचं: कोणत्या दुकानातून आणता? आपल्याकडच्या गावांत चिकनची दुकानं बहुतेक मुसलमान भावांचीच, त्यामुळं गाडा कुणाचाही असला तरी कोंबडी बहुधा हलालच निघते. पण दुकानाचं नाव विचारा, माहीत असलेलं दुकान असेल तर विषय संपला. फ्रोजन नगेट्स किंवा सॉसेज वापरत असेल तर त्या पाकिटावर हलालचा शिक्का बघा. सॉसेजच्या बाबतीत तर सोडूच नका, त्यात डुकराचं मांस असू शकतं.

सोबत माळकरी किंवा बटाटा खाणारा जैन मित्र असेल तर त्याच्यासाठी हे उत्तर चालणार नाही, कोंबडी कशीही कापलेली असो. त्याला वडा-भजीच्या शुद्ध शाकाहारी दुकानात न्या. तुम्हालाही तिथले फ्राईज बिनघोर चालतात.

आणि तेल काळंकुट्ट दिसलं, फेस बसत नसला, धूर मारत असला, तर हलाल असूनही घेऊ नका. हुकूम हलाल आणि तय्यब (स्वच्छ, चांगलं) दोन्हींचा आहे. लेकरांसाठी फ्रोजन पाकीट आणून घरीच तळा: तेल १८० अंशांवर, तुकडे न वितळवता थेट फ्रीजरमधून, एका लिटर तेलात १५० ग्रॅमच्या वर नाही, तीन ते चार मिनिटं. जास्त टाकले की तेल थंड पडतं आणि फ्राईज तेल पितात.