नो पुसीफुटिंग: कसा ऐकलात, काय खटकलं? (अनुभव धागा)

धागाकर्ता: रॉबर्ट फ्रिपची गिटार, ब्रायन ईनोची टेपयंत्रं, एलपीच्या दोन बाजूंना मिळून दोनच रचना. १९७३ साली आयलंडने ब्रिटनमध्ये हा अल्बम स्वस्त मालिकेत काढला, तरी किंग क्रिमझन (फ्रिपचा बँड) आणि रॉक्सी म्युझिकच्या (ईनोचा बँड) चाहत्यांना तो पचला नाही. आता त्याच्याकडे अ‍ॅम्बियंट म्हणजे संथ, वातावरण उभं करणाऱ्या संगीताचा पाया म्हणून बोट दाखवतात. नुसतं 'भारी' किंवा 'झोप लागली' नको. काय ऐकू येतं आणि का, ते लिहा.

रीळबाज: पहिली बाजू (सप्टेंबर १९७२, ईनोचं घर) दोन रिव्हॉक्स ए-७७ टेपरेकॉर्डरांवर झाली. एका यंत्रावर रेकॉर्ड झालेली फीत पुढे दुसऱ्यावर वाजते आणि तो आवाज पुन्हा पहिल्यात जातो. दोन यंत्रांमधल्या फितीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा, १९ ने भागा. तेवढ्या सेकंदांनी सूर परत येतो (वेग सेकंदाला साडेसात इंच धरून). म्हणजे मीटरभर फितीला सव्वापाच सेकंद.

खरी गंमत परत जाणाऱ्या आवाजाच्या पातळीत. दर फेरीला ३ डेसिबल कमी ठेवलंत तर वीस फेऱ्यांत, पावणेदोन मिनिटांत, सूर ६० डेसिबल खाली जातो. १ डेसिबलच कमी केलंत तर त्यालाच पाच मिनिटांवर लागतात आणि तोवर थर साचत राहतात. घट शून्यावर नेलीत की शिट्टी. शिवाय दर फेरीला वरचे स्वर बोथट होतात, फितीची सळसळ वाढते. समीक्षक ज्याला 'धुकं' म्हणतात ते बरंचसं हेच!

दुसरं यंत्र ०.१ टक्का जरी हळू असलं, तरी वीस मिनिटांत मध्ये वीतभर फीत लोंबते आणि फेरी सव्वा सेकंदाने लांबते.

कानसेन: आपल्याकडचे बरेच जण तानपुरा समजून ऐकतात आणि फसतात. तानपुऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही. इथे आधाराचा सूर वाजवता वाजवता रचला जातो, नंतर त्यावर फ्रिपची फझ (आवाज खरखरीत करणारं उपकरण) लावलेली गिटार येते. आलापाची बढत शोधू नका. मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका, खालचे थर गायब होतात आणि वरची किरकिर तेवढी उरते.

पेडलपंत: रेडिओ निवेदक जॉन पीलने १९७३ च्या डिसेंबरात बीबीसीवर हा उलटा वाजवला आणि तिथे कोणाच्या लक्षात आलं नाही, हा किस्सा टिंगल म्हणून सांगतात. टिंगल कसली? व्हॉल्यूम पेडलने (पायाने आवाज कमीजास्त करायचं साधन) सूर फुगवला की तारेवरचा आघात झाकला जातो, मग सुरुवात आणि शेवट सारखेच. फरक ओळखायचा तर फझचे सूर धरा: सुलट असेल तर छेड आधी आणि विरणं नंतर, उलट असेल तर सूर फुगत येऊन कापल्यासारखा तुटतो. २००८ च्या आवृत्तीत उलट प्रत अधिकृतपणे दिली आहे, अर्ध्या वेगाचीही. अर्ध्या वेगाची मला अनावश्यक वाटते.

रीळबाज: पेडलपंत, +१. दोघांच्या पॅरिसच्या कार्यक्रमाचंही ऐका, ऑलिंपिया सभागृह, २८ मे १९७५. लोक गाणी ऐकायला आले होते आणि मिळाला अंधार, पडद्यावर फिल्म आणि हे. शिट्ट्या, हुर्यो. ते ध्वनिमुद्रण २०१४ मध्ये सीडीवर आलं. दुसऱ्या बाजूबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. ती कमांड स्टुडिओतली, १९७३ ची. जास्त गजबजलेली, मला त्यामुळेच कमी टिकाऊ वाटते.

कानसेन: असहमत. ती हेडफोनवर ऐका, मग बोलू.