'अनडेड'ला मराठीत काय म्हणायचं?

सायसाखर:
मंडळी, अडलंय. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'चा (१८९७) अनुवाद करतेय. सुळे, शवपेट्या, ओसाड वाडा, सगळं निभावलं. आता ड्रॅक्युलानं रक्त पिऊन मारलेल्या लूसीला पुरून आठवडा झालाय आणि तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग तिच्या होणाऱ्या नवऱ्याला सांगतोय की ती जिवंत आहे असं मी म्हणत नाही, पण ती 'अनडेड' असू शकेल. इथं गाडी रुतली. शब्द टाळताही येत नाही, स्टोकरनं पुस्तकाचं नावच आधी 'द अनडेड' योजलं होतं.

शब्दशः केलं तर अ-मृत. म्हणजे "तुझी लूसी अमृत आहे." 'अमर' लिहिलं की पुढे 'रहे' आलंच. संपादक म्हणतात 'पिशाच्च' लिहा आणि मोकळ्या व्हा. पण पिशाच्च पुरतं मेलेलं असतं हो.

दुसरी अडचण. लूसी जिवंत असताना ड्रॅक्युलाला दूर ठेवायला तिच्या खोलीत लावलेली लसणीची फुलं उग्र वास मारतात म्हणून लूसीची आई ती काढून टाकते आणि खिडकी उघडते. पोरीच्या भल्यासाठीच. हे कळल्यावर व्हॅन हेल्सिंग तिच्यासमोर चेहरा हसरा ठेवतो, मग जेवणाच्या खोलीत जाऊन हमसून हमसून रडतो. गेलेल्या माणसाबद्दल मागे राहिलेल्याच्या मनात जे राहतं त्याला 'अपराधगंड' म्हणायला हात धजत नाही. सुचवा.

अनुस्वार:
आधी 'पिशाच' लिहा. एकच च. 'पिशित' म्हणजे मांस, ते खाणारा पिशाच. दुसरा च लोकांनी फुकट चिकटवला. मांस खाणारा म्हटल्यावर रक्त पिणारा काही लांब नाही, त्यामुळे संपादकांचं बरोबर आहे.

सोलकढी:
आमच्या आजीनं जन्मभर दोन च घालूनच त्याला हाकललं. गेलं ते.

चहाटळ:
'वेताळ' का नको? प्रेतात शिरतो, झाडाला लोंबकळतो. रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकानं १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा त्याला व्हॅम्पायरच केलं.

सोलकढी:
बर्टनला वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला न्यायला हवं होतं. आमचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून चपला झिजवतो. म्हणून नवसाला त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, केळ्यांचे घड देतात. तिकडे गोव्यात आमोण्याला, लोलयेला बेताळ आहे. लूसीला वेताळ म्हटलंत तर पुस्तक वेंगुर्ल्यात विकायला आणू नका.

सायसाखर:
शिवाय वेताळ दुसऱ्याच्या मढ्यात शिरतो. तो भाडेकरू. लूसी स्वतःच्याच घरात आहे.

डॉ. खलबत्ता:
'प्रेत'च घ्या. प्र + इत, पुढे गेलेला. मराठीत मढं, हिंदीत भूत. दोन्ही अर्थ एकाच शब्दात. एका हिंदीभाषक मित्राला "काल रस्त्यात प्रेत पाहिलं" म्हणालो तर त्यानं हनुमान चालीसा सुरू केली.

आपल्याकडे शब्द नाही कारण आपण जाळतो. देहच नाही तर उठणार काय? तिकडे पुरतात. १७३२ मध्ये सर्बियातल्या एका गावात ऑस्ट्रियाच्या लष्करी डॉक्टरांनी थडगी उकरून अहवाल लिहिला. देह टवटवीत, तोंडाशी ताजं रक्त. असल्या अहवालांतूनच 'व्हॅम्पायर' शब्द युरोपभर गेला. यात नवल काही नाही. कुजताना पोटात वायू धरतो, पोट फुगतं, लालकाळा द्रव नाकातोंडातून येतो. उन्हाळ्यात शवागारात हे बघत जेवणाची वेळ गाठलेली आहे मी. शेवटी १७५५ मध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिनं थडगी उकरण्यावर बंदी घातली.

अनुस्वार:
"आपण जाळतो" म्हणजे कोण? संन्याशाला पुरतात, तान्ह्या मुलांना पुरतात, लिंगायतांत पुरतात. मुसलमान, ख्रिस्ती मराठी बोलत नाहीत का? 'देह नाही म्हणून शब्द नाही' ही व्युत्पत्ती नव्हे, गप्पा आहेत.

चहाटळ:
मग 'डाकीण'? लूसी लहान पोरांना भुलवून नेतेच की.

केळीचाबाग:
नको. मी नंदुरबारकडचा. सातपुड्यात जित्याजागत्या बायांना डाकीण ठरवून मारतात, गावाबाहेर काढतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, शब्द त्याहून जुना आणि चिवट आहे. कथेतल्या भुताला कथेतलंच नाव द्या. हे नाव आमच्याकडे माणसांना देतात.

चहाटळ:
मागे घेतो.

तिन्हीसांज:
सायसाखरताई, तुमच्या दुसऱ्या अडचणीबद्दल कुणी बोलतच नाही म्हणून लिहिते. अपराधगंड वगैरे गाईडातले शब्द. आपल्याकडे 'समंध' आहे. संबंधचाच समंध झालाय, तुटता तुटत नाही तो.

आजोबांच्या दहाव्याला नदीवर दीड तास पिंड ठेवला होता. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीनं बसलेले, एकही खाली उतरेना. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं, दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात थोरले काका ओल्या पंचानं पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "अण्णा, विहिरीतला वाटा धाकट्याला देतो." एक कावळा आला, शीत उचललं, गेला. वाटा काही दिला नाही. काका पुढे वीस वर्षं जगले, पण दिवेलागणीनंतर विहिरीवर गेले नाहीत. विचारलं तर "समंध आहे तिथं" म्हणायचे. कुणाचा ते आम्ही विचारलं नाही.

अनुस्वार:
व्युत्पत्ती ठीक. पण समंध बहुधा निपुत्रिक मेलेल्या ब्राह्मणाचा. आजोबांना दोन मुलगे दिसतात. आणि विहिरीत 'हिस्सा' असतो, सातबाऱ्यावर 'वाटा' लिहीत नाहीत.

तिन्हीसांज:
काकांना शब्दकोश दाखवायचा राहिला.

अनुस्वार:
अवांतर, पण राहवत नाही. गुणाढ्यानं बृहत्कथा पैशाची भाषेत लिहिली. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं, सात लाख श्लोक. पैठणच्या सातवाहन राजानं नाक मुरडलं तेव्हा त्यानं पशुपक्ष्यांना वाचून दाखवत सहा लाख जाळले. कथासरित्सागरात आहे हे, आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्याच सागरात. पिशाच, रक्त, वेताळ, तिन्ही आपल्या पैठणच्या खात्यावर असताना 'अनडेड'साठी एवढी वणवण कशाला?

केळीचाबाग:
मला शब्दांतलं कळत नाही. आमच्याकडे लांबलेल्या दुखण्यातून माणूस गेला की "सुटला" म्हणतात. मग तुमची ती बाई मेली, पण सुटली नाही. एवढंच ना?

सायसाखर:
दादा! "मेली आहे, पण सुटलेली नाही." व्हॅन हेल्सिंगच्या तोंडी हे वाक्य फिट्ट बसतंय. पण पुढे हा शब्द नाम म्हणूनही येतो, अनेकवचनातही. 'नसुटे'? 'असुटी'?

चहाटळ:
'असुटी' ऐकून पंढरपूरची एसटी चुकल्यासारखं वाटतं.

डॉ. खलबत्ता:
'अनडेड'च ठेवा. 'व्हॅम्पायर' इंग्रजांनी तरी कुठे भाषांतरित केला?

अनुस्वार:
मग अनुवाद कशाला करताय, छापा तसाच देवनागरीत. आणि ते 'लसणीची फुलं' वाचून केव्हाचं खटकतंय. लसणाची.

सोलकढी:
लसणीची! ती लसूण. चटणी कसली करता तुम्ही?

अनुस्वार:
लसणाची चटणी. तो लसूण.

सायसाखर:
अहो, शेवटी लूसीचं मुंडकं कापून तोंडात लसूणच कोंबतात, ते प्रकरण परवा द्यायचंय. नाम सुचलं का कुणाला?

केळीचाबाग:
आमच्यात तो लसूण.