फ्लेकी (कोड न बदलता कधी पास, कधी फेल होणाऱ्या) टेस्टला रीट्राय लावणं बंदच करायला हवं

मेघना_क्यूए:
आमच्याकडे पाइपलाइन (कोड बदलला की आपोआप बिल्ड करून टेस्ट चालवणारी यंत्रणा) लाल झाली, म्हणजे टेस्ट पडली, की लॉग कोणी उघडतच नाही, आता तर कॉन्फिगमध्येच रीट्राय टाकलाय, टेस्ट पडली की आपोआप अजून दोनदा चालते आणि एकदा जरी पास झाली तरी बिल्ड हिरवा. मला हे अजिबात पटत नाही. ऑर्डरची एक टेस्ट अशीच अधूनमधून पडायची, सगळे म्हणायचे फ्लेकी आहे, सोड. टेस्ट बरोबर होती, कोड चुकीचा होता. सबमिट बटण पटापट दोनदा दाबलं की दोन रिक्वेस्ट जायच्या आणि टेबलमध्ये दोन ऑर्डरी पडायच्या, कारण रिक्वेस्ट आयडीवर युनिक कन्स्ट्रेंटच (एकच आयडी टेबलमध्ये दोनदा येऊ न देणारा नियम) नव्हतं. पैसे दोनदा कापले गेल्याची तक्रार आल्यावर कळलं.

बॅकएंडवाला:
अहो पण हिशोब तर करा. दर 100 वेळा चालवल्यावर एकदा विनाकारण पडणाऱ्या 300 टेस्ट असतील तर अख्खा बिल्ड पहिल्या फटक्यात हिरवा व्हायची शक्यता जेमतेम 5 टक्के. टेस्ट जिथे चालते त्या कंटेनरला मेमरी कमी पडली, नेटवर्क अडखळलं, यात कोडचा काय दोष? रीट्राय काढलात तर कोड मुख्य शाखेत मर्ज कधी करायचा?

मेघना_क्यूए:
मग दुसऱ्या बाजूनेही हिशोब करा ना. निम्म्या वेळा टेस्ट पाडणारा खरा बग तीन प्रयत्नांत 8 पैकी 7 वेळा हिरवा दिसणार. असा बग आपण स्वतःच्या हाताने आत सोडतोय.

सौरभ_डेव्हऑप्स:
रीट्राय ठेवा, पण लपवू नका. प्लेराइट (आपलं ब्राउझर टेस्टचं टूल) दुसऱ्या प्रयत्नात पास झालेली टेस्ट रिपोर्टमध्ये फ्लेकी म्हणून वेगळी दाखवतं आणि पहिल्या रीट्रायचा ट्रेस, म्हणजे टेस्टने काय काय केलं त्याची नोंद, ठेवता येतो, तो उघडून बघितला की बऱ्याचदा कारण समोरच दिसतं. तसं आमच्याकडे सगळ्यात जास्त त्रास स्लीपचा, म्हणजे टेस्टमध्ये ठरावीक वेळ थांबण्याचा, निघाला, कोणीतरी पाच सेकंद थांबा लिहिलंय आणि पेज सहाव्या सेकंदाला येतंय. आणि मुळात 300 ब्राउझर टेस्ट कशाला हव्यात? डिस्काउंटचं गणित तपासायला ब्राउझर उघडायची काय गरज, ते युनिट टेस्टमध्ये (कोडचा एक छोटा तुकडा वेगळा तपासणारी टेस्ट) टाका.

बॅकएंडवाला:
युनिट टेस्टमध्ये डेटाबेस मॉक करणार, म्हणजे खऱ्याऐवजी खोटा लावणार, आणि मॉकला कन्स्ट्रेंट माहीतच नसतं. मेघनाताईंचा डबल ऑर्डरचा बग तिथे सापडलाच नसता.

सौरभ_डेव्हऑप्स:
डेटाबेस मॉक करा असं मी कुठे म्हटलं? टेस्टकंटेनर्सने (टेस्टपुरता डेटाबेस वगैरे चालू करून देणारी लायब्ररी) खरा पोस्टग्रेस डेटाबेस उभा करा, एकच रिक्वेस्ट दोन थ्रेडमधून एकदम मारा आणि टेबलमध्ये एकच रो आहे का बघा, काही सेकंदांचं काम आहे, ब्राउझर लागतच नाही.

मेघना_क्यूए:
हे पटलं. तरी ज्या टेस्ट आज फ्लेकी आहेत त्यांचं काय? माझ्या मते मेन बिल्डमधून काढून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बिल्ड न अडवणाऱ्या वेगळ्या यादीत, टाकायच्या, प्रत्येकीवर एकाचं नाव आणि तारीख, तोवर दुरुस्त नाही झाली तर डिलीट.

बॅकएंडवाला:
डिलीटला माझा ठाम विरोध आहे. पेमेंटची टेस्ट फ्लेकी निघाली तर तीही उडवणार का? तिथे आधी रिलीज थांबवा.